मंगळावरची झाडलोट

विज्ञान संग्रहालयाचे मॉडेलवाले सकाळी दालनात शिरले आणि समोरचा मंगळ पाहून चौथऱ्याकडे धावले. कालपर्यंत त्या भल्यामोठ्या चौथऱ्यावर तांबड्या मातीच्या टेकड्या होत्या. त्या वाऱ्यानेच घडवलेल्या दिसाव्यात, म्हणून त्यांनी बायकोचा हेअर ड्रायर पळवून महिनाभर खटपट केली होती. आता तिथे स्वच्छ प्लायवूड होतं. ज्वालामुखीसुद्धा कुणीतरी घासूनपुसून लख्ख केला होता.

"मावशी, इथली माती कुठं गेली?"

"काढली की," सफाईवाल्या मावशी बादली खाली ठेवत म्हणाल्या. "केवढी साचली होती. आजवर कुणी हातच लावला नव्हता वाटतं."

"अहो, ती मुद्दाम ठेवली होती."

"काल तुम्हीच सगळ्यांना दम दिलात ना? मोठे साहेब येणार, इमारतीत धुळीचा कण दिसता कामा नये म्हणून. मंगळ सोडून, असं कुठं म्हणालात?"

हुकूम संचालकांचा होता, पण दम देण्याची हौस मॉडेलवाल्यांची स्वतःची. साहेब खूश झाले, तर कित्येक वर्षं लोंबकळत असलेली नोकरी आज पक्की होणार होती.

माती मावशींच्या पोत्यात सापडली, पण अख्ख्या इमारतीच्या कचऱ्यासकट. निवडत बसायला वेळ कुणाला होता? त्यांनी पोतं मंगळावर उपडं केलं आणि ड्रायर पूर्ण जोरात सोडला. नेमके त्याच वेळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले साहेब आत आले. धूळ खाली बसली तेव्हा ते भुवयांसकट तांबडे झाले होते आणि खांद्यावर चॉकलेटचा कागद होता. मागे संचालक पांढरेफटक पडले होते.

"हे काय चाललंय?"

"मंगळावरचं धुळीचं वादळ, साहेब," मॉडेलवाले कसेबसे म्हणाले. "प्रत्यक्ष अनुभव."

साहेब बराच वेळ खोकले.

"वा. काचेआडून बघून लोकांना काय कळणार? दर तासाला एक वादळ करा. आणि संचालक, या माणसाला आजच कायम करा."

मॉडेलवाल्यांचे डोळे भरून आले. थोडे आनंदाने, बरेचसे धुळीने.

"पण दर तासाला झाडायचं कुणी?" मावशींनी विचारलं. "माझ्यानं नाही व्हायचं."

"जो वादळ करील तो," संचालक कपडे झटकत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कायम झालेले मॉडेलवाले गुडघ्यांवर बसून पहिल्या वादळानंतरची झाडलोट करत होते. मावशी खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"सर, ज्वालामुखीमागचा कोपरा राहिला बघा."