एक नाणं तुमचं, एक आमचं

पाहुण्याला बसवायचं कुठे, इथूनच पी-लानची पंचाईत सुरू झाली. जेवणघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर इथल्या प्रजासत्ताकाच्या जन्मापासून मोजलेलं वर्ष छापलेलं होतं, एकशे चार. समुद्रापलीकडून येणाऱ्या सावत्र भावाच्या लेखी ते वर्ष दोन हजार पंधरा होतं, आणि एकशे चार म्हणणारं सरकार मुळात नव्हतंच. कॅलेंडर काढून ठेवावं तर आपण घाबरलो असं दिसणार, राहू द्यावं तर मुद्दाम ठेवलं असं वाटणार. शेवटी तिने खुर्चीच अशी फिरवली की कॅलेंडर पाहुण्याच्या पाठीशी यावं.

पान-ग्वेई आला, खुर्चीत बसला आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तालुक्याच्या कचेरीत उभी हयात गेलेला माणूस. कशाकडे पाहायचं नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"प्रवास ठीक झाला ना?" पी-लानने विचारलं.

"उत्तम. समुद्र शांत होता. यजमान पक्षाने जी आस्था दाखवली, त्याबद्दल आमच्या बाजूने आभार."

"यजमान पक्ष ओट्यापाशी शेवया ढवळतोय," आतून पी-लानच्या आईचा, आ-म्यानचा आवाज आला. "आभार राहू देत. त्याला म्हणावं, चपला वळचणीखाली सरकव, पावसात भिजतील."

पी-लान आणि ग्वेई यांचा बाप एकच, तुंग श्वी-हाय. तरुणपणी तो सुकी मासळी विकायला पलीकडच्या किनाऱ्यावरून होडीने या किनमन बेटावर आला. मासळी विकून होते न होते तोच यादवी युद्धाची रेषा नेमकी मधल्या पाण्यातून ओढली गेली. पलीकडे त्याची बायको आ-तिन पोटुशी होती. मुलगा झाला, त्याचं नाव तिने ठेवलं पान-ग्वेई, म्हणजे परतीची वाट पाहणारा. पुढे कित्येक वर्षं दोन्ही किनारे एकमेकांवर आधी तोफा डागत आणि मग कर्णे लावून ओरडत राहिले. तोवर श्वी-हायने इथे आ-म्यानशी लग्न केलं आणि पी-लान झाली. फेरीबोट सुरू झाल्यावर मात्र तो दर नववर्षाला पिशवी उचलून पलीकडे जायचा आणि पंधरा दिवसांनी येणाऱ्या दिव्यांच्या सणाआधी परत यायचा. बोटीचं तिकीट मिळत होतं तरी दोन्ही सरकारांनी एकमेकांना मान्यता दिली नाही. दोन्ही बायकांनीही दिली नाही. दोघींचं धोरण एकच होतं: श्वी-हायला बायको एकच, आणि ती मी. बाकी कुणी असेल तर तो इतिहासाने करून ठेवलेला घोळ.

आता श्वी-हाय गेला होता. त्याचा अस्थिकलश घरच्या देव्हाऱ्याखाली फडताळावर होता, आणि संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने तो पलीकडे न्यायला ग्वेई आला होता. थोरल्या मुलाला नाही म्हणायची रीत नव्हती. पी-लानने फोनवर "या ना" एवढंच म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ त्या फडताळासमोर फडकं हातात धरून उभी राहिली होती. बाप रोज सकाळी उठून खोकायचा, आणि त्या खोकल्यावर ती चहाचं आधण ठेवायची. आता आधण कधी ठेवायचं, हेच तिला कळेनासं झालं होतं. कलशही गेला तर या घरात त्याचं म्हणून काय उरणार होतं?

"वडील मला म्हणाले होते, मला घरी ने," ग्वेई हलकेच म्हणाला.

"मला म्हणाले होते, मला घरीच ठेव," पी-लान म्हणाली.

बापाने आयुष्यात समोरच्याला नको असलेलं उत्तर कधी दिलं नव्हतं.

आधी जेवायचं ठरलं. म्हणजे आधी बापाला जेवू घालायचं, मग आपण. देव्हाऱ्यासमोर पानं मांडली: कालवं घातलेल्या तांदळाच्या शेवया, वाफवलेला मासा, ज्वारीच्या दारूचा पेला. उदबत्ती लावली. ती बरीच खाली आल्यावर पी-लानने खणातून दोन नाणी काढली. गेलेल्या माणसाचं जेवण झालं का, हे असं नाणी टाकून विचारायचं. एक नाणं तोंड वर करून पडलं आणि दुसरं पाठ वर करून, तर 'हो'. दोन्ही सारखीच पडली तर 'नाही', आणि मग थांबायचं. खाडीच्या दोन्ही तीरांवर ही एकच रीत होती.

"एक मिनिट," ग्वेई म्हणाला. "दोन्ही नाणी तुमच्याच बाजूची?"

"मग?"

"काही नाही. फक्त, तुमच्या नाण्यांना विचारलं तर उत्तर तुमच्या बाजूचं येणार. आमच्या मातोश्रींना मी काय सांगू?"

यात तथ्य होतं. बरीच चर्चा होऊन एक नाणं या बाजूचं आणि एक त्या बाजूचं घ्यायचं ठरलं. ग्वेईने खिशातून आपलं नाणं काढून पुसून दिलं. पी-लानने दोन्ही टाकली. इकडच्या नाण्यावरचे टकले सेनापती वर आले, तिकडच्यावरचं फूल वर आलं.

"दोन्ही तोंडं," पी-लान म्हणाली. "जेवण झालेलं नाही."

"झालंय की," ग्वेई म्हणाला. "फूल ही पाठ आहे. आकडा हे तोंड. त्या बाजूला आमच्या बँकेचं नाव आहे."

"आकडा तोंड कसा होईल? चित्र असतं ते तोंड."

"ताई," वयाने थोरला असूनही तो मानाने म्हणाला, "नाणं आमचं आहे. त्याचं तोंड कुठलं ते आम्हीच सांगणार."

"पण विचारताय आमच्या घरात."

ग्वेईने डोळे मिटून थोडा विचार केला. कचेरीत असे प्रसंग त्याने पाहिले होते. "असं करू. नाण्याला तोंड एकच आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य. ते कुठलं, हे ज्याने त्याने आपापल्या परीने समजावं."

तोडगा इतका सभ्य होता की पी-लानला तो मान्य करावाच लागला. त्यातली गोम पुढच्या फेकीला कळली. तिच्या हिशेबाने 'हो' आलं की त्याच्या हिशेबाने 'नाही' यायचं, आणि त्याच्या हिशेबाने 'हो' आलं की तिच्या. दोघांनाही एकदमच 'हो' येईल असं नाणं पडूच शकत नव्हतं. पण करार करून बसल्यावर हे आधी बोलून दाखवणार कोण? दोघं आळीपाळीने नाणी टाकत राहिली. शेवया फुगून वाडग्याच्या काठाला आल्या. माशाचा डोळा पांढरा झाला. दुसरी उदबत्ती लावावी लागली.

"पुन्हा 'नाही' म्हणताहेत," पी-लान म्हणाली.

"आमच्याकडे 'हो' आहे. पण आम्ही आग्रह धरत नाही."

आतून आ-म्यान फडक्याला हात पुसत बाहेर आली. "काय चाललंय काय? तुमचा बाप जेवायला एवढा वेळ कधी लावायचा नाही. पोटात कावळे ओरडायला लागलेत माझ्या." तिने देव्हाऱ्याकडे नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "अगं कार्टे, तो जेवणार कशाने? काड्या कुठायत?"

पानावर खरंच काड्या नव्हत्या. वाडगा होता, पेला होता, जेवायच्या काड्या नव्हत्या.

"मी बाबांच्या काड्या ठेवल्या होत्या," पी-लान चाचरत म्हणाली. "पण यांच्या मातोश्रींनी त्यांच्या ठेवणीतल्या दिल्यात ना, इतकी वर्षं तिकडे दर सणाला बाबांच्या नावाने मांडायच्या त्या. म्हटलं, आज त्या असू देत. म्हणून मी आमच्या काढून घेतल्या."

ग्वेईचे कान लाल झाले. "मी आल्या आल्या आमच्या ठेवल्या होत्या. पण म्हटलं, वडिलांच्या हाताला सवयीच्या तर इकडच्याच. उगीच अतिक्रमण नको. तुम्ही आत गेलात तेव्हा मी हळूच उचलल्या." त्याने बंडीच्या खिशातून काड्यांचा जोड काढला.

"शाब्बास!" आ-म्यान म्हणाली. "दोघांनी मिळून बापाला उपाशी बसवलं. भांडला असतात तर बिचारा जेवला तरी असता." तिने दोन्ही जोड पानावर ठेवले आणि देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोला म्हणाली, "घ्या. हव्या त्या जोडाने खा, पण आटपा."

पुन्हा उदबत्ती झाली. नाणी टाकायचं नाव कुणी काढलं नाही. बोटीची वेळ जवळ येत चालली होती. ग्वेईने घसा साफ केला.

"ताई, मुख्य विषयावर यायला हवं."

"या."

"तुम्ही म्हणाल, मी नेतो. मी म्हणेन, तुम्ही ठेवता. त्यापेक्षा वडिलांनाच विचारू. एकदाच. जे येईल ते."

पी-लानने मान हलवली. फोटोकडे न बघता तिने विचारलं, "बाबा, पलीकडे जायचंय का?" आणि नाणी सोडली. एक देव्हाऱ्याच्या पायाला आपटून गरगरलं आणि आडवं झालं.

सेनापती वर. आणि तिकडच्या नाण्यावर आकडा वर.

तिने हिशेब केला. आकडा म्हणजे पाठ. एक तोंड, एक पाठ. हो, जायचंय. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मान वर केली तर समोर ग्वेईचा चेहरा तिच्याहून पडलेला. त्याच्या हिशेबाने आकडा म्हणजे तोंड. दोन्ही तोंडं. नाही, जायचं नाही.

मग ग्वेईच्या चेहऱ्यावर हळूहळू कचेरी परत आली.

"ताई, मी मघापासून विचार करतोय. तुमच्या म्हणण्यात दम आहे. फूल हेच तोंड. आज मी आमच्या बाजूने तसं मान्य करतो."

"छे छे," पी-लान घाईघाईने म्हणाली. "नाणं तुमचं. तुमच्या बँकेचं नाव आहे त्यावर. आकडाच तोंड. माझंच चुकलं."

"नाही ताई, चित्र ते तोंड. लहान पोरालाही कळतं."

"ज्याचं नाणं, त्याचाच शब्द. आमच्या घरात पाहुण्याचा शब्द मोडत नाहीत!"

साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्यता दिली होती, आणि भांडण जिथल्या तिथे होतं.

आ-म्यान दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती उठली, ग्वेईसमोर जाऊन तिने हात पुढे केला. "फोन दे. तुझ्या आईला लाव."

"आत्ता? त्या... म्हणजे आमच्या मातोश्री... यापूर्वी या स्तरावर कधी संपर्क..."

"लाव म्हणते ना."

फोन लागला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग ग्वेईच्या आईचा, आ-तिनचा सुरकुतलेला चेहरा. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. फोटोतसुद्धा त्यांनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. श्वी-हाय दोन्हीकडचे फोटो पिशवीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचा.

"जेवलीस का गं?" पलीकडून प्रश्न आला.

"कुठलं ओ, थोरल्या ताई," आ-म्यान म्हणाली. "ही दोघं जेवू देतील तेव्हा ना."

'थोरल्या ताई' ऐकून पी-लानने चमकून आईकडे पाहिलं; पहिल्या बायकोला मान देणारा हा शब्द या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. मग आ-तिन हसली, दात नसलेलं हसू.

"नाणी टाकत बसलीत ना? माझं पोर तसंच आहे. साधी मीठ-मिरची आणायची तरी बैठक घेतो. हे बघ धाकटे, मी काय म्हणते. त्याला बोट लागते. दर वर्षी इथं उतरला की दोन दिवस लिंबू चोखत पडायचा. आता या वयात कशाला पुन्हा त्याला हलवायचं?"

"मग?" आ-म्यानने विचारलं.

"मला नाही लागत बोट. मीच येते."

ग्वेई खुर्चीतून अर्धवट उठला. "आई! तू? अगं, किती दिवसांसाठी?"

"ते मी आणि ती बघू. तू मध्ये पडू नकोस." मग पुन्हा आ-म्यानला, "जागा आहे ना गं?"

"जागा आहे. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आधीच सांगते."

"तुझं स्वयंपाकघर तुलाच लखलाभ. मला त्याच्याजवळ एक खुर्ची टाक. आणि उशी जाड नको, मान धरते."

यानंतर बोलणी थेट उशीच्या कापसावर गेली. फोन हातात धरून आ-म्यान आतल्या खोल्या दाखवत फिरू लागली. "हे इथं ऊन येतं सकाळचं... नाही, तो घोरायचा म्हणून हा पलंग वेगळा..." पी-लान आणि ग्वेई देव्हाऱ्यासमोर उभी होती. कलश फडताळावर होता. बाप गेल्यापासून पी-लानचे कान सारखे त्याच्या खोलीकडे लागलेले असायचे. आज दुपारभर आपण तिकडे कान दिलाच नाही, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

ग्वेईने रिकामी पिशवी खांद्याला लावली. कलशासाठी आत मऊ पंचा घालून आणला होता, तो बाहेर लोंबत होता. त्याने तो नीट आत सारला.

"मी वडिलांना न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "आता आईही चालली."

पी-लानला हसू आवरेना, म्हणून ती वाकून त्याच्या चपला शोधू लागली. वळचणीखाली सरकवायच्या राहून गेल्या होत्या, भिजून जड झाल्या होत्या.

"वाटाघाटी म्हटल्या की थोडं द्यावंच लागतं," ती म्हणाली. "थांबा, कोरड्या देते. आणि जाताना शेवया घेऊन जा, डब्यात भरते. बोटीत भूक लागेल."