केझायाची गोधडी आणि छत्तीस बहिणी

एखादी गोष्ट मी मनावर घेतली की ती पुरी होतेच, मग घरच्यांचं काय व्हायचं ते होवो!

या उन्हाळ्यात मनावर घेतलं ते केझायाला. आमच्या आयोवातल्या शेताच्या टोकाला घराण्याच्या कबरी आहेत. त्यातल्या एकीवर नुसता धोंडा आणि वाकड्या अक्षरांत ‘केझाया’. माझ्या हिशेबाने ती माझी खापरपणजी. पण त्या जागेत ओडेसा आत्याचा शब्द चालतो. वय वर्षं एक्क्याण्णव.

"आपली असल्याचा पुरावा आण, मग नीट दगड बसवू," आत्या म्हणाली. "वाटेत मेलेली कुणी परकी निघाली तर? मला तिच्या शेजारीच निजायचंय, तेही कायमचं."

"घराण्याच्या मेळाव्याआधी आणते," मी सांगून टाकलं.

माळ्यावर एक गोधडी सापडली. मधल्या चौकोनात ‘केझाया, ओहायो, १८५३’, भोवती छत्तीस चौकोन आणि प्रत्येकात एकेका बाईचं नाव भरलेलं. आडनावं मात्र सगळी वेगळी.

"बहिणी!" मी नवऱ्याला, वेंडेलला, सांगितलं. "लग्नानंतर आडनावं बदलली."

"छत्तीस?" वेंडेलने हातातलं कणीस खाली ठेवलं. "त्यांच्या आईला बसायला तरी फुरसत मिळाली का गं?"

"चुलत-मावस धरून रे."

त्याच दिवशी मी ओहायोतल्या त्या भागाच्या साप्ताहिकाला नावं कळवली. यांच्या वंशजांनी जुलैतल्या मेळाव्याला यावं, आपलं रक्त एक आहे, असं लिहिलं. वाटलं, चार-पाच जण येतील. दोन बस भरून आले. चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बटाट्याच्या सॅलडचीच एकोणीस पातेली! अनोळखी माणसं एकमेकांची नाकं ताडून बघत होती. एका गृहस्थांनी वेंडेलला मिठी मारली आणि "अगदी आमच्या आजोबांचं कपाळ" म्हणत डोळे पुसले. वेंडेल बिचारा आमच्या घराण्याचा जावई.

मी घराण्याचा इतिहास सांगायला उभी राहिले. चाळीसेक मिनिटं झाली असतील, तेव्हा इमोजेन प्रुइट नावाच्या म्हाताऱ्या बाई उठल्या. हातात पणजीची रोजनिशी.

"तुम्ही श्वास घ्याल तेव्हा बोलावं म्हणून थांबले होते," त्या म्हणाल्या. "पण बाई, आम्ही तुमचे कुणीच नाही. घरदार सोडून पश्चिमेला नव्या वस्तीला निघालेल्या बाईला शेजारणी अशी नावांची गोधडी द्यायच्या."

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं, पण छत्तीस बहिणींच्या आनंदात सुचलं नाही. मिठीवाल्या गृहस्थांनी वेंडेलपासून खुर्ची जरा लांब सरकवली. दगड गेला, शब्द गेला, आणि बिचारी केझाया परकीच राहिली.

"पणजीने लिहिलंय काय, ते तरी वाचा," आत्या म्हणाली.

इमोजेनबाईंनी चष्मा लावला. "‘केझायाची गोधडी आज पुरी झाली. एरवी सहा महिने लागतात, ही नऊ दिवसांत झाली. तिचा बेत बदलू नये म्हणून लांबच्या बायकाही टाके घालायला आल्या. मनाने सोनं, पण तोंडाला विश्रांती नाही. निरोप घेताना दोन तास बोलली. शेवटी बैलच कंटाळून आपणहून चालू लागले.’"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"दगड मागवा," आत्या म्हणाली. "आपलीच आहे. माझी जागा तेवढी दुसऱ्या टोकाला करा."

त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. जेवणानंतरचं गोड वाढेपर्यंत तरी.