शुक्रवारची नोटीस

अमेरिकेत रेडमंडला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घारपुरेकाकांनी मला दर शुक्रवारी जेवायला बोलावणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा रीतसर तीन महिन्यांची नोटीस दिली. पिठलं वाढता वाढता. थोडं ताटात, थोडं टेबलावर.

"कारण?"

"पुनर्रचना," काका म्हणाले.

निवृत्तीआधी काका काही वर्षं डेन्मार्कात नोकरीला होते. तिथून परत आले, पण पुरते नाही. "जर्मनीत माणसाला कामावरून काढणं अवघड. डेन्मार्कात कसं आहे, काढणं सोपं. पण तिथे नोकरी जाते, माणूस जात नाही. घर चालेल एवढं देतात, नवं काम शिकवतात."

"आणि इथे?"

"इथे एका सकाळी ऑफिसच्या गेटवर कार्ड चालत नाही, तेवढीच नोटीस."

माझ्या टीममधल्या तिघांची कार्डं नुकतीच अशी बंद पडली होती. मी पेटले. "काढायची मोकळीक मागणारा स्वतः कधीच काढला गेलेला नसतो, काका!"

"मीठ घे," काका म्हणाले. या माणसाशी वाद घालणं म्हणजे शुद्ध डोकेफोड!

नोटिशीच्या काळात तर छळच सुरू झाला. काका खिशात हात घालून खुर्चीत बसत आणि मला राबवत. "कांदा चिरतेस की विटा पाडतेस? आच कमी कर गं!" वर स्वतः जेवायचे नाहीत. "माझं झालंय मघाशीच."

"आठवडाभर ऑफिसात मरायचं आणि इथे वेठबिगारी? ओव्हरटाइम कोण देणार?"

"ट्रेनिंगला ओव्हरटाइम नसतो."

शेवटच्या शुक्रवारी पिठलं-भाकरी मी एकटीने केली आणि ताट त्यांच्यापुढे आदळलं. "आज माझ्यासमोर जेवायचं. नाहीतर संप!"

काकांनी नाइलाजाने खिशातून हात काढला. तो थरथरत होता. घास तोंडापर्यंत पोचेतो पिठलं शर्टावर सांडलं.

"सुरी धरवत नाही आता," ते ताटाकडे बघत म्हणाले. "खरी नोटीस मलाच आली होती. म्हटलं, तुला शिकवून मगच सोडावं."

शर्ट पुसून देत मी एवढंच म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी तुम्ही वर यायचं. माझ्याकडे."



पुढच्या शुक्रवारी त्यांना आणायला खाली गेले. बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, पायात बूट. कधीपासून दारामागे उभे होते कोण जाणे.

"कायम की कंत्राटी?" त्यांनी विचारलं.

"कायम. आणि काढायची मोकळीक नाही," मी म्हणाले. "आता चला, भाकऱ्या गार होतायत."