समुद्राला संत्र्याचा वास

दिवाणखान्यातलं प्रवाळ मिटलं आणि चष्मेवाल्यांच्या घरात कुणी आजारी पडल्यासारखं झालं.

त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बायको मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका. घरात तिसरे आप्पा, म्हणजे चष्मेवाल्यांचे वडील. आणि सोफ्यासमोर, सोफ्याएवढ्याच लांबीची, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यात दोन नारिंगी मासे होते, दगडाआड राहणारी एक लाजाळू कोळंबी होती आणि मधोमध ते प्रवाळ होतं. आणलं तेव्हा नखाएवढं होतं, आता ओंजळीत मावलं नसतं. उघडलं की त्याची हिरवी बोटं पाण्यात हलत राहत. आता ती सगळी आत ओढली गेली होती आणि बाहेर नुसता पांढरा, कडक सांगाडा दिसत होता.

"अगं, आजही उघडलं नाही."

"झोपलं असेल."

"आठवडाभर?"

"माझ्या वॉर्डात त्याहून जास्त झोपलेले आहेत. एक दिवस उठतात आणि चहा मागतात." बायकोने पिन तोंडात धरून केस बांधले. "आणि ऐकून ठेवा, हे गेलं ना, तर टाकी बंद. मिठाच्या पिशव्या काय, पंप काय, बादल्या काय! सोफ्यावर बसावं तर पायात पाइप."

एवढं बोलून ती कामावर निघाली. जाताजाता काचेवरचा एक डाग तिने रुमालाने पुसला, पण चष्मेवाल्यांचं लक्ष प्रवाळाकडे होतं.

त्याच दिवशी ते टाकीतलं पाणी बाटलीत भरून शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. तिथला दुकानदार स्वभावाने शांत होता, मात्र "मासे साफ करून मिळतील का?" असे फोन रोज येत असल्यामुळे जरा दुखावलेला असे. त्याने पाण्यात थेंब टाकले, रंग पाहिला आणि मान हलवली.

"क्षारता कमी झालीय. प्रवाळ वाढतं ना, ते पाण्यातलंच खाऊन सांगाडा बांधतं. वरून भर घालावी लागते."

त्याने मागच्या फळीकडे हात केला. फळीभर बाटल्या होत्या. एक क्षारतेची, एक कॅल्शियमची, एक मॅग्नेशियमची, एक रंग खुलण्याची, एक नुसतीच 'संपूर्ण'. क्षारतेच्याच तीन कंपन्यांच्या तीन होत्या.

"ही चांगली का ही?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"दोन्ही चांगल्या."

"आणि ही?"

"तीही चांगली."

चष्मेवाल्यांनी तिन्ही बाटल्या फिरवून पाहिल्या. "हे स्पष्ट दिसतंय की हे?" हा प्रश्न ते स्वतः दिवसभर लोकांना विचारत. पाचव्या काचेनंतर माणूस कंटाळून काहीही सांगतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनीही कंटाळून मधली उचलली.

"रोज सकाळी एक टोपण, पंपाच्या तोंडाशी, हळूहळू," दुकानदार म्हणाला. "आणि दुसरं काही घालू नका."

"छे हो! टाकीचं सगळं मी एकटाच बघतो. घरात दुसऱ्या कुणाला कशाचं काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून औषधपाणी सुरू झालं. बायकोची बोलणी नकोत म्हणून त्यांनी बाटली बुटांच्या खणात, पॉलिशच्या डब्यामागे दडवली आणि ती आंघोळीला गेली की काम उरकायला सुरुवात केली. दोन दिवसांत काचेवर पांढरी भुकटी धरली. पंप घशात काही अडकल्यासारखा घरघरू लागला. पाणी धुरकट दिसायला लागलं, पण प्रवाळ काही उघडेना. डोस कमी पडत असणार, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं आणि एकाचं दीड टोपण केलं.

मग फेस आला. टाकीला पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं एक यंत्र होतं. एरवी त्याच्या कपात दिवसाला चमचाभर मळी जमायची. आता कप भरून वाहू लागला, फेस सोफ्याखाली गेला आणि तिथून आप्पांच्या सपातांत. सबंध दिवाणखान्यात संत्र्याचा वास सुटला.

"फरशी पुसायचं नवीन काही आणलंस का?" चष्मेवाल्यांनी बायकोला विचारलं.

"मला वाटलं तुम्ही आणलंत."

दोघांनी आप्पांकडे पाहिलं. "चांगला आहे की वास," आप्पा म्हणाले आणि ओल्या सपाता वाळत घालायला गॅलरीत गेले.

रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेली. न्हाणीघराचं दार लागलेलं ऐकून चष्मेवाले टाकीच्या डाव्या टोकाशी आले आणि त्यांनी दीड टोपण हळूच पाण्यात सोडलं. पाणी ढवळलं. पांढरं झालं. मग उजव्या बाजूने एक दाट ढग उठला, डावीकडच्या ढगाला येऊन मिळाला आणि बघता बघता सगळी टाकी दुधाने भरल्यासारखी दिसू लागली. मासे दिसेनात, दगड दिसेनात, प्रवाळ तर नाहीच नाही.

"अहो, काय ओतलंत तुम्ही?"

बायको टाकीच्या उजव्या टोकाशी उभी होती. अंगात घरचाच गाऊन होता आणि केस कोरडे होते.

"मी? मी कुठं काय ओतलं?"

"मग हातात टोपण कसलं आहे?"

"तुझ्या हातात कसलं आहे?"

दोघांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. तिच्या टोपणाचा रंग तेवढा निळा होता.

"तू तर आंघोळीला गेली होतीस!"

"गीझर लावायला गेले होते. रोज संध्याकाळी घालते मी, तुम्ही दुकानातून यायच्या आत. आज रविवार, तुम्ही दिवसभर घरात, म्हणून म्हटलं आत्ताच उरकून टाकावं."

"रोज?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नुसती हाडं दिसत होती त्याची. बघवेना. गेले माशांच्या दुकानात, त्यांनी कॅल्शियम दिलं."

चष्मेवाल्यांनी माशांच्या दुकानात फोन लावला आणि दोघांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. दुकानदार उचलताच म्हणाला, "साफ करून मिळत नाहीत."

"अहो, मी चष्मेवाला! टाकीचं दूध झालंय!"

दुकानदाराने सगळं नीट ऐकून घेतलं. घर एकच आहे हे त्याने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "बाटल्या दोघांनीही बरोबरच नेल्यात. ती जोडीच आहे. एक घातली की दुसरीही लागतेच. पण एकदम नाही घालायच्या, आणि मनाने डोस वाढवायचा नाही. दोन्ही एकमेकांना भिडल्या की पाण्यात चुना होतो. बाई, मी तुम्हाला विचारलं होतं, आधी काही औषध चालू आहे का?"

बायकोचा चेहरा उतरला. हा प्रश्न ती वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाला विचारी आणि लपवणाऱ्याला चांगली फैलावर घेई. "घरात न विचारताच मी नाही म्हणाले," ती पुटपुटली.

"असू दे. सगळं बंद करा. आज निम्मं पाणी बदला, दोन दिवसांनी पुन्हा थोडं. पंप उघडून धुवा."

"आणि तो संत्र्याचा वास?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"कसला? संत्र्याच्या वासाचं माझ्याकडे काही नाही."

फोन ठेवून दोघं वळली. आप्पा पेपरात डोकं घालून बसले होते. पेपर कालचा होता.

"आप्पा," सुनेने वॉर्डातल्या आवाजात विचारलं, "तुमच्या त्या संत्र्याच्या चवीच्या, कॅल्शियमच्या चघळायच्या गोळ्या कुठे आहेत?"

"आहेत की. रोज नेमाने जातात."

"घेता की घालता?"

आप्पांनी पेपर खाली ठेवला. "दुपारी मी आणि ते, दोघंच असतो घरी. त्याची हाडं अगदी बाहेर आली होती गं. माझी अजून आत आहेत. म्हटलं, गरज कुणाला जास्त आहे?"

"कुटून घातल्यात?"

"मग! त्याला दात कुठायत?"

ओरडायचं तर कुणी कुणावर?

तो सगळा रविवार पाण्यात गेला. चष्मेवाले बादल्या भरभरून पांढरं पाणी बाहेर काढत होते, बायको मीठ तोलून नवं पाणी कालवत होती आणि आप्पा चमचा हातात घेऊन उगाच ढवळत होते. पाणी खाली गेलं तेव्हा एक नारिंगी मासा दिसला, मग दुसरा. कोळंबी फेस काढणाऱ्या यंत्रामागे चिकटलेली सापडली. "आहे रे, आहे, मिशा हलतायत!" आप्पा ओरडले. प्रवाळावर पीठ पेरल्यासारखा थर बसला होता. बायकोने सुई नसलेली सिरिंज घेतली आणि जखम धुवावी तसा तो थर अलगद उडवला. तिचा हात किती हलका आहे, हे चष्मेवाले बादली तशीच हातात धरून बघत राहिले.

मग वाट बघणं आलं. कुणी काही घालायचं नाही, असं ठरलं होतं. टाकीजवळून जाताना तिघंही हात मागे बांधून जात. आप्पांच्या गोळ्या आता सुनेच्या देखत, तोंड उघडून दाखवून पोटात जाऊ लागल्या. पाणी निवळलं, पंपाची घरघर थांबली, पण प्रवाळ मिटलेलंच राहिलं. चष्मेवाल्यांनी आशा सोडत आणली होती. बायको मात्र टाकी बंद करायचा विषय काढत नव्हती आणि तिने तो काढू नये म्हणून तेही गप्प होते.

एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ते लवकर घरी आले. दिवाणखान्यात टाकीचा तेवढा निळसर उजेड होता. बायको सोफ्यावर बसली होती. अंगावर इस्पितळाचा गणवेश तसाच होता, बूटही काढले नव्हते.

"अगं..."

"शू."

प्रवाळाच्या कडेने चार-पाच हिरवी बोटं बाहेर आली होती. अगदी आखूड, पण हलत होती.

चष्मेवाले दारातच उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तू तर टाकी बंद करायला निघाली होतीस."

"मग? तसं म्हटलं नाही तर आणखी दोन आणाल." तिने काचेवरची नजर काढली नाही. "रोज बसते मी इथं. कामावरून आले की. दिवसभर नुसतं सुई, पाणी, पांघरूण, डॉक्टर कधी येणार... इथं कुणी काही मागत नाही."

ते तिच्याशेजारी बसले. पाइप पायाला लागला, तो त्यांनी मुकाट्याने सरकवला.

"तुम्हाला काही हवंय का?" तिने सवयीने विचारलं.

दुपारचा डबा ते दुकानात न्यायला विसरले होते. पोटात कावळे कोकलत होते. "नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून आप्पांची हाक आली, "अरे, चहाचं कुणी बघतंय का?"

बायको उठू लागली. चष्मेवाल्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि पाय न वाजवता ते स्वयंपाकघरात गेले. चहाची पावडर कुठे असते, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग एकेक डबा आवाज न करता उघडून बघायला सुरुवात केली.