मिशिगनचं लायसन्स

शनिवारी सकाळी चहा पिता पिता सुशांतने वकीलबाईंची जुनी ईमेल उघडली आणि कप खाली ठेवला. बाईंच्या नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, लायसन्स फक्त मिशिगन राज्याचं.

सुशांत राहायचा रेडमंडला, म्हणजे वॉशिंग्टन राज्यात. अकरा वर्षं वाट पाहून त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज गेल्याच महिन्यात गेला होता, आणि तो याच कांचनमॅडमनी मिशिगनमधल्या नोव्हायला बसून पाठवला होता.

"रेखा, आपण संपलो," तो बायकोला म्हणाला.

"आधी चहा संपव."

मॅडमचा फोन बंद. सोमवारी बोलू, एवढाच निरोप. आता सोमवारपर्यंत दम धरेल तो सुशांत कसला! त्याने थेट गुरुदत्त काकांना गाठलं. काका चाळीस वर्षं अमेरिकेत, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झालेले, शिवाय मराठी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांना विचारल्याशिवाय तिथल्या मराठी माणसाचं पान हलत नसे. पंधरा मिनिटांत काका हजर.

"माझी मेहुणी डॉक्टर," काका सोफ्यावर बसत म्हणाले. "मिशिगनहून इकडे आली, तर बिचारीला लायसन्स पुन्हा काढावं लागलं. डॉक्टरला एक न्याय आणि वकिलाला दुसरा, असं असतं का कुठे?"

मुद्दा बिनतोड होता. सुशांतच्या डोळ्यांपुढे शाळेतून नाव काढलेली त्याची लेक अनया आणि विमानतळावर मांडलेल्या सहा बॅगा उभ्या राहिल्या. "मग आता काय करायचं काका?"

"अर्ज मागे घ्यायचा. इमिग्रेशनवाल्यांनी पकडायच्या आत. मग इकडचा वकील करून नवा टाकू. पत्र मी लिहितो, तू फक्त घाबरू नकोस."

नेमकं तेवढंच सुशांतला जमत नव्हतं.

"मॅडमना एकदा विचारून तरी बघा," रेखा म्हणाली.

"चोराला विचारायचं का, बाबा रे, चोरी केलीस का म्हणून?" काका म्हणाले. वडीलधाऱ्या माणसाला उलट उत्तर द्यायची सुशांतच्या घरात रीतच नव्हती. काकांनी पत्र टाइप केलं, अर्जाचा नंबर टाकला आणि जाता जाता स्वतःच पोस्टात टाकलं.

सोमवारी मॅडमचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, इमिग्रेशनचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे. कुठल्याही एका राज्याचं लायसन्स पुरतं. तुमच्या राज्यात मला कुणाचा घटस्फोट लढता येणार नाही, पण ग्रीन कार्डचं काम खुशाल करता येतं."

सुशांतची इतक्या वेळची भीती खोटी होती, खरी तर आत्ता वाटली. "मॅडम, आम्ही अर्ज मागे घ्यायचं पत्र पाठवलंय."

"असं करायला कुणी सांगितलं?"

"गुरुदत्त काकांनी."

"ते कुठल्या राज्याचे वकील?"

"ते ब्रेकचे इंजिनिअर आहेत."

"बरं. पत्रावर सही तुमचीच ना?"

सुशांतने फोनमधला त्या पत्राचा फोटो उघडला. मंडळाच्या सवयीने काकांनी खाली लिहिलं होतं, 'सुशांतच्या वतीने, गुरुदत्त, सेक्रेटरी', आणि झोकात स्वतःची सही ठोकली होती.

"मग वाचलात," मॅडम म्हणाल्या. "सही तुमची नाहीतर तुमच्या वकिलाची लागते. त्या पत्राला कुणी विचारणार नाही. तरी मी आजच तसं कळवते."

सुशांत स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला आणि घळाघळा रडला. तेवढ्यात बेल वाजली. दारात काका, हातात नवं पत्र.

"अरे, चुकलंच आपलं. सही तुझी लागते म्हणे. मी परत टाइप करून आणलंय. कर इथे."

अकरा वर्षांत इमिग्रेशनच्या ऑफिसरसमोरही सुशांत इतका घाबरला नव्हता.

"काका," तो कसाबसा म्हणाला, "वकिलांना विचारून करतो."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना काका, पूर्ण आहे," सुशांत म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.