कारल्याच्या चिप्सची गुरुवारची तेजी

"आजपासून या दुकानात अंदाज बंद! आता आकडे बोलणार!" लीलाधरभाऊंनी गावातल्या लालबाग मोहल्ल्यातल्या आपल्या केळीच्या चिप्सच्या दुकानात जाहीर केलं आणि भिंतीवर टीव्ही ठोकला. त्यावर विक्रीचे रंगीबेरंगी आलेख! कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या लेकीनं, हिमानीनं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. एकदम फुकट, आणि आतली सगळी रचना कोणीही उघडून बघावी असं!

"उघडं ठेवलं तं सादळंन ना भाऊ!" सरुबाई म्हणाल्या.

सरुबाई बावीस वर्षं काउंटरवर. आज काय तळायचं ते त्या गिऱ्हाइकांची तोंडं बघून ठरवायच्या, आणि भाऊंना नेमकं तेच खुपायचं. कारण भाऊंनी खास स्वतःच्या डोक्यातून काढलेल्या कारल्याच्या चिप्स त्या महिन्यातून एकदाच तळायच्या, तेही मालकाचं मन राखायला!

"महिनाभर बघू," भाऊ म्हणाले. "आलेख खरा ठरला, तर काउंटर माझा. तुम्ही मागे पॅकिंगला."

"आन् मी खरी निघाली तं?"

"तर मी पॅकिंगला!"

सरुबाईंचा चेहरा उतरला. मागच्या खोलीत बोलायचं कोणाशी? पिशव्यांशी?

काट्यावर प्रत्येक मालाचं वेगळं बटण होतं. बटण दाबून वजन केलं, की विक्री थेट टीव्हीवर. गुरुवारी भाऊ कच्ची केळी आणायला खकनारला जायचे, तेव्हा दुकान सरुबाईंच्या हवाली.

तीन आठवड्यांनी भाऊंनी आलेख नीट बघितला आणि खुर्चीवरून उडालेच! लगेच हिमानीला फोन.

"अगं, कारलं! दर गुरुवारी पाच गिऱ्हाईकं! कोणी सात किलो, कोणी आठ! आणि दर खेपेला प्रत्येकाचं वजन पन्नास-शंभर ग्रॅमनं वाढतंच आहे!"

"पप्पा, पहले बरणीतला माल कमी झालाय का ते तर बघा!"

"बरण्याच बघायच्या होत्या तर सॉफ्टवेअर कशाला बसवलं?"

बुधवारी कढई चढली. तब्बल चाळीस किलो कारल्याच्या चिप्स!

"भाऊ, कारलं कोणी फुकटातही नेत नाही. आठ किलो कोन नेईन?"

"यंत्रापुढे वाद नको, सरुबाई!"

त्या तळत राहिल्या. डोळे लाल झाले होते. तेलाच्या धुरानं, म्हणाल्या.

गुरुवारी भाऊ खकनारला गेलेच नाहीत. नवा शर्ट घातला, कपाळाला गंध लावलं आणि पाच निष्ठावंत गिऱ्हाइकांच्या सत्काराला पाच नारळ मांडून बसले.

दहाच्या सुमाराला गल्लीतली सायली आली. कडेवर नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ. मागे आणखी चौघी, चार बाळं.

"सरुमावशी, काटा मोकळा है का?"

सरुबाईंनी काट्यावर मऊ फडकं अंथरलं, बटण दाबलं आणि बाळ ठेवलं. टीव्ही झळकला: कारल्याच्या चिप्स, सात किलो नऊशे पन्नास ग्रॅम! शेजारी वर जाणारा हिरवा बाण!

"हे... हे काय?" भाऊंचा आवाज चिरकला.

"बाळाचं वजन, काका! दर गुरुवारी करतो ना."

"बटण दाबल्याबिगर काटा वजन दाखवत नाही भाऊ," सरुबाई चाचरत म्हणाल्या. "मंग जे बटण कधी लागतच नाही, तेच दाबते मी."

मग त्यांनी स्वतः टीव्हीकडे बघितलं, भाऊंच्या नारळांकडे बघितलं, आणि हसता हसता खालीच बसल्या.

"भाऊ, आलेख खोटा नाही हो! माल वाढूनच राहिला ना!"

भाऊ आधी फुगले, मग त्यांनाही हसू फुटलं. पाच नारळ पाच बाळांच्या आयांना दिले, सायलीचं बाळ कौतुकानं उचलून घेतलं, आणि त्यानं भाऊंचा नवा शर्ट तत्काळ भिजवला.

काउंटर सरुबाईंचाच राहिला. भाऊ मागच्या खोलीत आठवडाभर कारलं पॅक करत होते आणि भेटेल त्या नातेवाइकाच्या हाती पुडा ठेवत होते. पार गावाच्या सिंधीपुऱ्यापर्यंतचे नातेवाईक त्यांना बघून रस्ता बदलू लागले!

हिमानीनं काट्यावर 'बाळ' असं नवं बटण घातलं. महिनाअखेरीस टीव्हीवर अहवाल आला. सगळ्यात वेगानं वाढलेला माल: बाळ. विक्री: शून्य. परत गेलेला माल: शंभर टक्के.

शर्टाचा मात्र त्यात कुठेच उल्लेख नव्हता.