घड्याळ बरा की आरसो

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही येत नव्हतं. तेव्हा चुका दिसल्या तर सांभाळून घ्यावं. खरं तर ही वही कोणाला दाखवायचं माझ्यात धाडस नाही. पण आमच्या शेजारच्या भिवाकाकांबद्दल कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं, असं मला फार दिवस वाटतंय.

भिवाकाका सगळं माडात मोजतात. एका पर्यटकाने विचारलं, "काका, कट्टा गाव किती लांब?" तर म्हणाले, "लांब खंय? पाचशे माड आडवे घाला, इलो कट्टो." आमची विहीर अर्धा माड खोल. दवाखान्यात उंची विचारली तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरलाच विचारलं, "माड खंयचो धरूया? बाणवली की गावठी?"

त्यांचा धंदाच तो. ते पाडेली आहेत, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे. वय सहासष्ट. पायात दोरीचं कडं घालतात, कमरेला कोयता अडकवतात आणि आपण "सांभाळून हां" म्हणेपर्यंत शेंड्यावर पोचलेले असतात. वरून गावाची खबर देतात. कोणाच्या दारात कोणती गाडी उभी आहे, कोणाची म्हैस कोणाच्या कुळथात शिरली, सगळं. काकींना वारून सात वर्षं झाली. एकुलती मुलगी शैला डोंबिवलीला.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर काकांचा पाय सरकला. पडले दोन हात उंचीवरून, आणि तेही शेणकीवर, म्हणजे शेणाच्या ढिगावर. पण ही बातमी डोंबिवलीला पोचेपर्यंत उंची वाढत गेली. शैलाने रडत फोन केला.

"बाबा, आता तुमच्या तब्येतीवर माझं लक्ष पाहिजे. एक तर हातात ते घड्याळ घाला, पावलं आणि ठोके मोजणारं. नाहीतर तुमचे जावई म्हणतात तसं व्यायामाचं मशीन घरात बसवू, आरशासारखं असतं. काहीही घ्या, सगळं मला माझ्या फोनवर दिसतं. आणि चतुर्थीपर्यंत आकडे बरे दिसले नाहीत तर मी येणार आणि तुम्हाला इकडे आणणार. घराला कुलूप."

काका एकदाच डोंबिवलीला गेले होते. चौथ्या दिवशी परत आले. म्हणाले, "सगळी माणसां माडासारखी उंच ऱ्हवतत, पण वर जावन खाली बघूक कोणाक येळ नाय."

तर आधी घड्याळ आलं. काळं, रबराच्या पट्ट्याचं. रोज काकांच्या फोनशी त्याचं बोलणं व्हायचं आणि फोनचं शैलाशी. पहिल्याच दिवशी काका अठ्ठावीस माड चढून उतरले. संध्याकाळी शैलाचा फोन.

"बाबा, दिवसभरात फक्त चारशे बारा पावलं? झोपून होतात का?"

घड्याळाला चढणं कळतच नव्हतं. त्याला फक्त चालणं कळे. दुसऱ्या दिवशी काका आमच्या परसातल्या माडाच्या शेंड्यावर होते, तेव्हा घड्याळ थरथरलं आणि त्यावर उठून उभं राहिलेल्या माणसाचं चित्र आलं. काका वरून मला हाक मारून ओरडले, "गो सुमन, ह्या माका उठ म्हणता! हेच्यापरास वर खंय उठू, ढगात?"

मग जावयाने मशीनवाला पाठवला. घामेजलेला मुलगा, पायांत बूट. त्याने काकांच्या पडवीत एक उंच आरसा उभा केला. त्याला दोन हात, हातांना दोऱ्या. कळ दाबल्यावर आरशात एक बाई आली आणि इंग्रजीत हसून बोलू लागली. काकांनी घाईघाईने शर्ट चढवला आणि मला म्हणाले, "चाय ठेव गो, पावणी इली."

"काका, ही दोरी ओढायची," मुलगा म्हणाला.

काकांनी ओढली. पुन्हा ओढली. मग वर वाशांकडे बघितलं. "नारळ खंय पडतलो?"

"नारळ नाही हो पडत. कॅलरी जळतात."

"बाजारात कितक्याक जाता ती कॅलरी?"

मुलगा पाणी प्यायला वळला तेवढ्यात काकांनी दोऱ्यांच्या मुठी पायात अडकवल्या आणि आरशाला मिठी मारून चढू लागले. मी आत चहा गाळत होते. आरडाओरडा ऐकून बाहेर आले तर काका वाशाला धरून लोंबकळतायत, खाली मुलगा आरसा सावरतोय आणि आरशातली बाई शांतपणे "व्हेरी गुड" म्हणतेय.

"काका, त्याच्यावर चढायचं नसतं!"

"मगे उभो कित्याक केलंस?"

एवढ्यात वीज गेली. बाई गेली आणि आरशात काकाच राहिले. ते खाली उतरले आणि बराच वेळ त्या काळ्या काचेत बघत होते. मुलगा विचारत होता, "मग बसवायचं का?" काका म्हणाले, "माका इचारू नको. देवाक इचारूया."

आमच्याकडे हे नवीन नाही. जमीन, सोयरीक, कशावरही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. कोणत्या बाजूची पाकळी पडते ते देवाचं उत्तर. गुरवाने आजवर बैल, बोअरवेल आणि दुबईची नोकरी यांचे कौल लावले होते. तो न अडखळता म्हणाला, "तर देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकरान हाताक घड्याळ बांधूचा की घरात आरसो उभो करूचो, तो इचार तुझ्या पायाशी ठेवलो. घड्याळ तर उजवी, आरसो तर डावी. काय तो निवाडो दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. मशीनवाला मुलगाही म्हणाला.

उजवी पाकळी टपकन पडली.

देवाचा शब्द मोडता येत नाही. घड्याळ घालायचं तर चारशे बारा पावलं, आणि चारशे बारा पावलं म्हणजे डोंबिवली. काका दोन दिवस पडवीत बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आले.

"देवान घड्याळ घी म्हटल्यान. कोणाच्या हातात ता म्हणूक नाय."

मी किनाऱ्यावरच्या एका लॉजमध्ये कामाला जाते. चादरी बदलणं, भांडी, लादी. जाऊन-येऊन तासभराची वाट. मला नाही म्हणता येत नाही, कोणालाच. मी घड्याळ बांगड्यांच्या वर चढवलं आणि पदर ओढून घेतला. संध्याकाळी परत दिलं. सोळा हजार पावलं! शैलाचा आनंद फोनबाहेर ऐकू येत होता. "बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा तरुण!" काका मिशीतल्या मिशीत हसले आणि मला शहाळं दिलं.

असं तीन आठवडे चाललं. चतुर्थी आठवड्यावर आली.

मग एका मंगळवारी लॉजमधल्या पाहुणीची सोन्याची चेन सापडेना. आम्हा तिघी बायकांना मागच्या दारी रांगेत उभं केलं. पिशव्या उलट्या केल्या. माझ्या पिशवीतून भाकरीचं फडकं पडलं आणि कंगवा. नंतर चेन तिच्याच उशीखाली मिळाली. माफी कोणी मागितली नाही. मी मागच्या पायरीवर थोडा वेळ बसले आणि मग राहिलेली भांडी घासली. घरी सांगितलं नाही. काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात आले. हातात फोन.

"शैलाचो फोन इल्लो. काल चार वाजता अर्धो तास ठोके एकशे तीसावर होते म्हणता, आणि पावलां एक पण नाय. घाबारली ती." मग आवाज उतरवून म्हणाले, "काल चार वाजता तुका काय झाला गो?"

मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी केरसुणी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. 

मी म्हणाले, "तुम्ही शैलाला सांगा, रेडा मागे लागला, म्हणून माडावर चढून बसलो. आता आठच दिवस राहिले."

"पावलां तुझी घेतलंय, ता चलला," काका म्हणाले. "तुझा दुखणा माझ्या नावावर कसा लावू?"

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.  शैला एवढंच म्हणाली, "मी येतेय." तिथून काका तडक लॉजवर गेले. मालकाला म्हणाले, सुमनची माफी मागेपर्यंत मी चढणार नाही, तुमच्या चाळीस माडांचे नारळ पाहुण्यांच्या टाळक्यात पडूदेत. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आमच्या दारात येऊन उभा राहिला. मला त्याच्याकडे वर बघवेना, पण मी ऐकलं.

शैला चतुर्थीला आली आणि गणपती गेल्यावर तिने काकांचे कपडे बॅगेत भरायला घेतले.  काकांनी घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं, फोन खिशात टाकला आणि परसातल्या माडावर चढले. शैला खाली स्वतःच्या फोनकडे बघत उभी. चढताना ठोक्यांचा आकडा वाढला. शेंड्यावर बसून काका नेहमीसारखे समुद्राकडे बघायला लागले आणि आकडा उतरत उतरत सत्तरवर आला. तिथेच राहिला. शैलाने मला तो दाखवला. मग आत गेली आणि बॅगेतले कपडे परत दांडीवर टाकले.

कट्ट्याच्या स्टॉपवर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. काका तिला तिकिटाचे सुटे पैसे आणि नारळाची पिशवी यांवरून ओरडत होते. बस सुटली तरी त्यांचा चेहरा दगडासारखा. वळणावर बस दिसेनाशी झाली आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, ठोके एकशे अठ्ठावीस कसे? काय झालं?"

काका जागच्या जागी उभे होते. 

"काय होवचा? घराक चललंय. जरा बेगीन बेगीन चलतंय, म्हणान."

फोन ठेवला. समोर रिक्षा उभी होती, मी हात करणार तेवढ्यात त्यांनी माझा हात खाली केला. म्हणाले, "नको गो. आता ती पावलां बघतली." आणि धोतर वर खोचून ते रस्त्याला लागले, इतके भराभर की मला मागून धावावं लागलं.